दाराखालची बोटभर फट

फिटरनं भिंतीवर पेन्सिलनं एक फुली मारली, दोन पावलं मागं सरकून ती पाहिली आणि मला विचारलं, "मॅडम, पॉइंट इथंच ना?"

साधा प्रश्न होता. अमरावतीत एप्रिल संपत आला की अर्ध्या शहरात कोणी ना कोणी तो विचारत असतं. जिन्यावर थर्माकोलचे तुकडे पडलेले असतात, भर दुपारी कुठल्या तरी घरातून ड्रिलचा आवाज येत असतो. आमच्या इमारतीत गेल्या आठवड्यात तीन घरांत एसी लागले. हा चौथा.

हा फ्लॅट मी मागच्या दिवाळीत घेतला. दोन खोल्या, हॉल आणि स्वयंपाकघर. आई-बाबा अकोल्याहून आले आहेत आणि आता इथंच राहणार आहेत. एसी दोन घेतले. एक त्यांच्या खोलीत लागणार, त्यावर कोणाचं काही म्हणणं नव्हतं. दुसरा हॉलमध्ये, एवढंच ठरलं होतं. हॉलच्या कुठल्या भिंतीवर, हे ठरायचं होतं. फुली पडली होती ती मुख्य दारासमोरच्या भिंतीवर. ती जागा फिटरला मी सांगितली नव्हती. सोफ्यावर बसलेल्या बाबांनी हातानं दाखवली होती.

"घरात पाय ठेवला का थंड वाटलं पाहिजे आल्या-गेल्याले," बाबा म्हणाले.

आई स्वयंपाकघरात पोळ्या करत होती. हॉलमध्ये फोडणीचा वास नको म्हणून तिनंच दार पुढं लोटलं होतं. दारामागून पोळपाटाचा आवाज येत होता, एका लयीत, मध्येच थांबून. तो थांबला की ती पदरानं कपाळ पुसते. हे मला दार बंद असतानाही कळतं.

मी त्या फुलीकडे बघत उभी राहिले आणि मला राग आला. भिंतीवरच्या पेन्सिलीच्या खुणेचा कोणाला एवढा राग यावा, हे फिटरला कळणं शक्य नव्हतं. तो मोर्शीकडचा, तिशीतला, सभ्य माणूस. त्यानं घड्याळात पाहिलं.

---

अकोल्याचा उन्हाळा ज्यानं काढला नाही त्याला तो सांगून कळत नाही. तिथं ऊन वरून येत नाही, भिंतीतून येतं. रात्री आठ वाजता भिंतीला पाठ टेकवली तर चपापून पुढं सरकावं लागतं. नळाचं पाणी आठवड्यातून एकदा येतं, ते साठवायचं, आणि साठवलेलं पाणी दुपारी चहाला ठेवल्यासारखं कढत होतं. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची होती. तिथल्या पुस्तकांतला 'समर' मुलांनी चेंडू घेऊन बागेत धावण्याचा होता. मी ती चित्रं फार बारकाईनं बघत असे. त्या मुलांच्या आया कुठं असतात, हे कधी दिसायचं नाही.

आमच्या घराच्या पुढच्या भागात बाबांचं कृषी केंद्र होतं. बी-बियाणं, खतं, फवारणीची औषधं. दुकानाशेजारी रस्त्याकडे काच असलेली बाबांची केबिन, केबिनमागं बैठक, बैठकीमागं एक अंधारा बोळवंडा, म्हणजे घरातल्या घरात जायची वाट, आणि सगळ्यात शेवटी स्वयंपाकघर. घराच्या बाजूनं एक चिंचोळा बोळ पुढून मागपर्यंत जायचा. स्वयंपाकघराला एकच खिडकी होती, ती या बोळात उघडायची. खिडकीशी आईचा ओटा. ओट्याशी आई.

एसीच्या आधी आमच्याकडे कूलर होता. तो रफिकचाचांनी बनवला होता. बार्शीटाकळीहून मोटरसायकलवर यायचे, मागं पत्रे बांधलेले. होळी झाली की कूलर गच्चीवरून खाली उतरायचा, तळाला डांबर लागायचं, जुनं कुजकं गवत निघून नवं भरलं जायचं. आणि तो खिडकीत बसवण्यापूर्वी रफिकचाचा दरवर्षी एक गोष्ट करायचे. खिशातून उदबत्ती काढून पेटवायचे आणि ती हातात धरून सगळ्या घरातून सावकाश चालायचे. पुढून मागं, मागून पुढं. धूर जिकडे वळेल तिकडे बघायचे.

पहिल्यांदा बाबा हसले होते. "रफिकभाई, पूजा करून राह्यले काय?"

"शेठ, हवा दिसते का? नाई दिसत. धुवां दिसते." चाचा धुरावरची नजर न काढता म्हणाले. "कूलरले हवा आत घ्यायची जागा लागते, तशी बाहेर काढायचीबी लागते. कोंडली का दमट होते. मागची भाभीची खिडकी उघडी ठेवा. इथून घुसंल, पूरं घर फिरंल, आन् भाभीच्या चुलीवरून निघून जाईल."

तसंच व्हायचं. कूलर बैठकीत लागायचा, पण त्याची हवा बैठकीत राहू शकत नसे. दारं उघडी ठेवावीच लागायची. ती ओली, गवताच्या वासाची हवा बोळवंड्यातून स्वयंपाकघरात जायची, आईच्या पाठीवरून फिरून खिडकीबाहेर पडायची. जाईपर्यंत ती जेमतेम कोमट झालेली असायची, पण जायची. यात कोणाचा चांगुलपणा नव्हता. यंत्रच तसं होतं.

मला कूलरचे गोडवे गायचे नाहीत. त्यात दिवसातून दोनदा पाणी ओतावं लागे आणि ते आईच ओतायची, भरलेल्या बादल्या कमरेवर टेकवून. बैठकीत गार झोपलेल्या माणसाला बादलीचा आवाज फार होतो, म्हणून हळू ओतायची. पण निदान ओतलेल्या पाण्याचा वाटा तिच्यापर्यंत परत यायचा, एवढं खरं.

---

मग एसी आले. मी बारावीची परीक्षा दिली होती आणि मे महिन्यातल्या प्रवेशपरीक्षेचा अभ्यास करत होते.

आम्ही एसी विकत घेतले नाहीत. ते स्कीममध्ये आले. कापसाच्या एका बियाण्याच्या कंपनीनं डीलर लोकांना सांगितलं होतं, आमच्या इतक्या पिशव्या खपवा, दोन एसी न्या. त्या वर्षांत गावागावांतून वाईट बातम्या यायच्या आणि बाबा पेपरचं ते पान उलटून पुढं जायचे. ती वर्षं कापसाला वाईट होती. कंपन्यांना नव्हती. बाबांनी पिशव्या खपवल्या. "हेच न्या, हे चालून राह्यलं यंदा," असं ते काउंटरवरून म्हणायचे, ते मी ऐकलं आहे. त्या हंगामात त्या बियाण्याच्या झाडांना लाल्या आला. पानं लाल होऊन गळली. पावसाळ्याच्या शेवटी काही जण ती पानं रुमालात बांधून दाखवायला आले होते. काउंटरवर रुमाल सोडायचे आणि बाबांच्या तोंडाकडे बघायचे.

पुढच्या उन्हाळ्यात एसी आले. टेम्पोतून उतरलेल्या खोक्यांवर कंपनीचा हिरवा कापूस छापलेला होता.

बसवायला बाबांनी रफिकचाचांनाच बोलावलं. चाचांनी तोवर एसीचं काम शिकून घेतलं होतं. त्यांनी खोकी उघडली, भिंतींवर तळवा ठेवून ठेवून पाहिलं कोणती किती तापते, आणि सवयीनं खिशातून उदबत्ती काढली.

"रफिकभाई, हा कूलर नोहे," बाबा म्हणाले.

"मालूम हाय, शेठ. पन एक सांगा. दुपारी दोन वाजता घरात कोन कुठी असते?"

आजवर मी ऐकलेल्या प्रश्नांत हा सगळ्यात शहाणा प्रश्न. इंजिनीअर झाले, नोकरी लागली, मोठमोठ्या इमारतींचे नकाशे पाहिले, पण नकाशा हातात घेऊन दुपारी दोन वाजता कोण कुठं असतं असं विचारणारा माणूस मला परत भेटला नाही. आणि त्याचं उत्तर आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. बाबा दोन वाजता बैठकीतल्या दिवाणावर झोपलेले असत. मी दिवाणाशेजारी टेबलावर. आई स्वयंपाकघरात भांडी आवरून चारच्या चहाची तयारी करत असे, कारण दुकानात कोणी ना कोणी बसलेलं असायचं.

बाबा म्हणाले, "एक केबिनमध्ये, एक बैठकीत. कंपनीचे साहेब येतात. आता बेबीचा अभ्यासबी हाय."

माझा अभ्यास. हे कारण सगळ्यांना पटलं. मलाही पटलं, हे इथंच सांगून टाकते.

आत लावायची मशीनं अशी ठरली. मग बाहेरची. एसीचं एक मशीन आत थंड हवा सोडतं आणि दुसरं बाहेर गरम हवा फेकतं. दर्शनी भागात ती धुडं बरी दिसणार नाहीत, म्हणून बाबांनी बाजूचा बोळ दाखवला. दोन्ही एकावर एक. चाचांनी बोळात जाऊन पाहिलं, वर पाहिलं आणि परत आले.

"शेठ, तिथं भाभीची खिडकी हाय. पूरी गरमी सिधी आत जाईल."

"मंग कुठी लावता?"

"गच्चीवर चढवू. पन कंपनीची पाइप पुरनार नाई. वीस फूट पाइप घ्या लागंल, तांब्याची."

"आता काहून वाढवता काम. पाइप आली तेवढ्यात बसवा. खिडकी बंद ठेवता येते."

आई तेव्हा चहा घेऊन बैठकीच्या दारात उभी होती. तिनं ऐकलं. सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं, आईकडे कोणी पाहिलं नाही. चाचांनी पेटवलेली उदबत्ती बाहेर नेऊन मातीत खुपसली. मी पुस्तकात बघत होते. पुस्तकात तेव्हा कोणतं पान उघडं होतं ते मला अजून आठवतं.

वीस फूट तांब्याची नळी. एवढंच अंतर होतं. मी नोकरीत मैलोन्मैल पाइपांची रेखाटनं केली आहेत आणि दर वेळी हा आकडा माझ्या मनात येतो.

---

पहिले आठ दिवस एसी नीट चाललाच नाही. आम्ही अकोल्याची माणसं, थंडावा म्हटलं की दारं उघडी ठेवायची, एवढंच आम्हाला माहीत. एसी चालू आणि बोळवंड्याचं दार सताड. बाबांनी वरून कूलरही लावला, दोन्ही मिळून जास्त गार होईल म्हणून. खोलीचं न्हाणीघर झालं. माझ्या वह्यांची पानं मऊ पडली, पेनाची शाई पसरायला लागली. शेजारचे काका एसी बघायला आले आणि म्हणाले, "लेका, हे थंड हाय का ओलं हाय?"

शेवटी रफिकचाचा आले, कूलर उचलून गच्चीवर ठेवून आले आणि म्हणाले, "शेठ, याले बंद खोली लागते. खिडक्या बंद, दार बंद. खालची फटबी बंद करा."

त्या दिवशी आमच्या घरातलं ते दार पहिल्यांदा भर दुपारी बंद झालं. दाराखाली बोटभर फट होती. बाबांनी एक जुनी ओढणी पिळून तिची गुंडाळी केली आणि आतल्या बाजूनं फटीला लावली. मग दिवाणावर आडवे होत म्हणाले, "बेटा, ध्यान ठेव. सरकली का लावून देजो. थंड जाते."

मी ध्यान ठेवलं.

दुपारभर मशीन गुणगुणायचं. खोलीतलं हवामान आमच्या ओळखीचं राहिलं नव्हतं. अंगावर शाल घेऊन मी गणितं सोडवायचे. मे महिन्यात, अकोल्यात, शाल. आणि दुसऱ्या बाजूला बोळातली दोन मशीनं केबिनमधली आणि बैठकीतली गरमी गोळा करून आईच्या खिडकीवर सोडायची. आईनं पहिल्या दिवशी खिडकी उघडून पाहिली. मग बंद केली. मग काचांना आतून वर्तमानपत्र चिकटवलं. तिच्या गळ्याभोवती घामोळ्यांचा लाल पट्टा उठला, पोतीसारखा. ती पहाटे पाचला उठून पोळ्या उरकायला लागली. पाहुणे मात्र पहाटे जेवत नाहीत.

त्या उन्हाळ्यात मी उष्णतेचा धडा पाठ करत होते. त्यात फ्रिजचं चित्र होतं, बाण काढलेले. पुस्तक सांगत होतं की थंडी असं काही नसतंच. एका जागची उष्णता उचलून दुसऱ्या जागी टाकलेली असते. जिथं टाकायची त्या जागेला पुस्तकात एक शब्द होता, 'सराउंडिंग्ज'. चित्रात त्या जागी काहीच काढलेलं नव्हतं. कोरा कागद होता. मी तो शब्द शंभरदा लिहिला, शंभरदा त्या कोऱ्या कागदाकडे बाण काढला. तिथं ओटा आहे, ओट्याशी गळ्यावर घामोळ्या आलेली एक बाई आहे, हे माझ्या डोक्यात आलं. आल्यावर मी पुढचं गणित घेतलं.

लोडशेडिंग व्हायचं तेव्हा सगळे वैतागायचे. मला आता वाटतं, आई वाट बघत असावी. वीज गेली की बोळातली मशीनं थंडावायची आणि ती खिडकी उघडायची. आत आम्ही घामेजून दार उघडायचो. त्या तीन तासांत आमचं घर पुन्हा एक व्हायचं. मग पंखा फिरायला लागला की बाबा म्हणायचे, "आली, आली. दार लाव."

एकदा कंपनीचे साहेब जेवायला आले. एसी लागला, त्याचा फोटो त्यांना न्यायचा होता. आईनं पुऱ्या केल्या. ती ताट घेऊन आली, कोपरानं दार ढकललं आणि दारात थांबली. फक्त थांबली. आतल्या गार हवेचा झोत तिच्या तोंडावर आला होता. तिचे डोळे आपोआप मिटले. एक क्षण असेल. पुऱ्यांची वाफ तिच्या आणि आमच्या मध्ये होती.

"दार लावून घे," बाबा म्हणाले. "थंड जाऊन राह्यली."

साहेब भला माणूस असावा. म्हणाला, "अहो, वहिनींना बसू द्या की दोन मिनिटं."

"त्यांले सवय हाय," बाबा म्हणाले.

ती ताट ठेवून गेली. मी दार लावलं.

बाबांच्या त्या वाक्याला मी इतकी वर्षं उत्तर शोधते आहे. सवय कोणाला होते? दुकानाबाहेर बियाण्यासाठी रांगेत उभ्या राहणाऱ्यांनाही सवय आहे, असं बाबा म्हणायचे. जूनच्या पहिल्या आठवड्यात पाऊस नसताना, डोक्यावर दुपटं धरून, त्यांची रांग आमच्या केबिनच्या काचेला लागून असायची. आतल्या गारव्यानं काच थंड पडायची. बाहेरचा एखादा माणूस सहज काचेला हात लावायचा आणि चमकून मागं घ्यायचा. मग पुन्हा लावायचा. तळवा तसाच ठेवायचा.

माझे बाबा वाईट नाहीत. ते आईवर कधी ओरडले नाहीत, माझ्या शिक्षणासाठी त्यांनी हात आखडता घेतला नाही. मला राग आहे तो त्यांच्या निवांतपणाचा. घरातली सगळ्यात गार जागा आपली आहे, यात त्यांना काही ठरवावंच लागलं नाही. ते ठरलेलंच होतं. भिंतीवरची फुली पेन्सिल येण्याआधीची असते.

---

ओढणीची ती गुंडाळी सारखी सरकायची. दर दुपारी, बाबांचा डोळा लागला की थोड्या वेळानं माझ्या लक्षात यायचं, एका टोकाला ती दारापासून आत आली आहे. मला वाटायचं, मशीनच्या हवेनं सरकते. मी पुस्तकातली मान वर न करता पायानं ती पुन्हा फटीला दाबायचे. घट्ट. थंड जाऊ नये म्हणून.

परीक्षेला आठेक दिवस राहिले असतील, मी पाणी प्यायला उठले आणि दार उघडलं. बोळवंड्यात आई बसली होती. पाटावर, दाराच्या चौकटीला टेकून, मांडीवर तांदळाचं ताट. घरातली सगळ्यात अंधारी जागा ती. तिची पावलं दाराखालच्या फटीशी लावलेली होती. मी दार उघडल्यावर तिनं ती मागं घेतली, दुसऱ्याच्या पंगतीत चुकून बसल्यासारखी.

"इथं काहून बसली?" मी विचारलं.

"इथं उजेड बरा हाय," आई म्हणाली आणि तांदूळ निवडू लागली.

मी पाणी प्यायले आणि आत जाऊन बसले. त्यानंतर मी गुंडाळी थोडी सैल लावू लागले. एक टोक मुद्दाम आत ओढून ठेवायचे. बाबांना कळणार नाही इतपत. मी त्याला मनातल्या मनात माझं बंड म्हणत होते. पुढं हॉस्टेलवर मैत्रिणींना आई-वडलांच्या गोष्टी सांगताना मी हे बंडही सांगितलं आहे, जरा रंगवून. त्यांना ते आवडायचं.

मी बोलणारी मुलगी नव्हते. शाळेत मराठी बोलले तर दंड होता, घरी इंग्रजी बोलले तर हसू व्हायचं, आणि वऱ्हाडीची लाज वाटावी असं मला शिकवलेलं होतं. मध्ये उरलं ते गप्प राहणं. त्यात मी तरबेज झाले. लोक त्याला चांगलं वळण म्हणतात.

---

तर फिटर घड्याळात बघत होता.

मी देव्हाऱ्यातून एक उदबत्ती घेतली आणि पेटवली. बाबांनी चष्मा वर केला. मी मुख्य दारापासून चालत हॉलमधून गेले, स्वयंपाकघराचं दार पूर्ण उघडलं, आणि हॉलच्या आतल्या भिंतीशी, जिथून ओटा समोर दिसतो तिथं येऊन उभी राहिले. धूर क्षणभर सरळ वर गेला. मग वाकला आणि आईच्या दिशेनं निघाला. आईनं तव्यावरची पोळी उलटता उलटता मागं वळून पाहिलं.

"इथं लावा," मी फिटरला म्हणाले. "या भिंतीवर. हवा त्या दारातून ओट्यापर्यंत गेली पाहिजे. शेगडीवर नको, जराशी डावीकडे."

"मॅडम, किचनकडे कोनी नाई काढत," तो म्हणाला. "फोडनीचं तेल जाळीत बसते. महिन्याले जाळी धुवा लागंल."

"मी धुईन."

"आन् हॉल तेवढा थंड होनार नाई."

"नाही झाला तरी चालेल."

बाबा म्हणाले, "चुलीवर थंड कोनी वाया घालवते काय?"

मी वळले. "वाया नाही, बाबा. अकोल्याला दोन्ही मशीनं आईच्या खिडकीखाली होती. सगळी गरमी तिच्या तोंडावर जायची. इतके उन्हाळे. तुम्ही खिडकी बंद ठेवायला सांगितली."

बाबा माझ्याकडे बघत राहिले. दुकान बंद होऊन त्यांना पाच वर्षं झाली आहेत. ते आता लहान दिसतात.

"मले कोनी सांगतलंच नाई कधी," ते म्हणाले.

"रफिकचाचांनी सांगितलं होतं. माझ्यासमोर."

बाबा उठून आपल्या खोलीत गेले. फिटरनं या भानगडीशी आपला संबंध नसल्यासारखं तोंड करून पहिली फुली बोटानं पुसली आणि नवी मारली. ड्रिल सुरू झालं. विटेची लाल भुकटी खाली पडू लागली, आणि मला आयुष्यात पहिल्यांदा त्या आवाजानं बरं वाटलं. बारा वर्षं न बोललेलं मी बोलले होते. मला स्वतःचा अभिमान वाटला. मी पुसायचं फडकं घेऊन खाली बसले आणि भुकटी गोळा करू लागले.

पाचच्या सुमारास दोन्ही एसी चालू झाले. आईनं ओट्यापाशी उभं राहून गार हवा मानेवर घेतली, एवढंच म्हणाली, "पोहोचून राह्यली." मग मेथीची जुडी घेऊन बाहेर आली.

फिटर अवजारं आवरता आवरता आई-बाबांच्या खोलीचं दार लावून-उघडून बघत होता. त्यानं वाकून दाराखाली बोट फिरवलं. "मॅडम, हे खालून थोडं उघडं राह्यते. रात्री इथं एखादा कपडा लावत जा. थंड जाते."

आई हसली. मेथी निवडता निवडता, मान खाली घालून, अगदी मनापासून हसली.

"तिले नोको शिकवू, भाऊ," ती फिटरला म्हणाली. "आमच्या बाईले लय चांगला लावता येते. अकोल्याले मी इकून बोटानं सरकवत होती, आन् हे तिकून पायानं परत लावत होती. मी सरकवो, हे लावे. रोजचं होतं आमचं."

फिटरही हसला. त्याला वाटलं, मायलेकींचा काही जुना खेळ असेल.

"आई," मी म्हणाले. "तू आवाज काहून नाही दिला?"

"तुही परीक्षा होती," आई म्हणाली. तिनं एक पिवळं पान वेगळं काढलं. "आन् मले वाटे, तुले मालूम हाय."

फिटर गेला. बाबांच्या खोलीचं दार उघडंच राहिलं. मी आईजवळ फरशीवर बसले आणि जुडीतली अर्धी मेथी माझ्यापुढं ओढली. थोड्या वेळानं घोट्यांना गार लागू लागलं. थंड हवा जड असते, ती खाली उतरते आणि जमिनीलगत वाहत दाराच्या फटीतून बाहेर पडते. हे मला माहीत होतं. त्याच उन्हाळ्यात पाठ केलं होतं, आणि पेपरात आलं तेव्हा उत्तर बरोबर लिहिलं होतं.